हिरव्यावर तांबडा का? कक्षेतून दिसणारा ध्रुवीय प्रकाश आणि त्याच्या रंगांचे कारण

मार्च-एप्रिलच्या दिवसांत गोव्यातून संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक वायव्येकडून आग्नेयेकडे सरकताना दिसले, तर त्या ठळक, न लुकलुकणाऱ्या ठिपक्याच्या पुढच्या प्रवासाचा हिशेब घरबसल्या मांडता येतो. पृथ्वीपासून सुमारे ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून ताशी २७,६०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारे हे स्थानक हिंदी महासागर ओलांडून साधारण १७ मिनिटांत ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकावर आणि २८ मिनिटांत न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील निर्मनुष्य समुद्रावर पोहोचते. तेथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. मिरामारच्या वाळूत उभे राहून ज्याला आपण हात केला असेल, तो अंतराळवीर आपण घरी पोहोचून जेवायला बसण्याच्या आत दक्षिण ध्रुवाकडील खिडकीतून ध्रुवीय प्रकाश, म्हणजेच ऑरोरा, पाहत असण्याची शक्यता चांगली असते.

ही शक्यता केवळ भाग्याची नाही, भूमितीची आहे. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, म्हणून ते ५१.६ अंश उत्तर आणि तितक्याच दक्षिण अक्षांशांच्या पलीकडे कधीच जात नाही. ध्रुवीय प्रकाशाचा मुख्य पट्टा मात्र साधारणपणे ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांदरम्यान, म्हणजे चुंबकीय ध्रुवांच्या आधारे मोजलेल्या अक्षांशांदरम्यान, असतो. या दोहोंमधील अंतर दोन गोष्टींमुळे भरून निघते. एक तर पृथ्वीचा चुंबकीय अक्ष तिच्या भ्रमणाच्या अक्षाशी नऊ-साडेनऊ अंशांचा कोन करतो, आणि त्यामुळे प्रकाशाचा पट्टा उत्तरेत कॅनडाच्या बाजूला, तर दक्षिणेत ऑस्ट्रेलियाच्या बाजूला झुकलेला असतो; स्थानक या दोन प्रदेशांच्या जवळून जाते तेव्हा ते चुंबकीय दृष्टीने ध्रुवाच्या बरेच जवळ असते. दुसरे असे की ४०० किलोमीटरवरून क्षितिज सव्वादोन हजार किलोमीटर दूर असते, आणि जी वस्तू स्वतःच जमिनीपासून ११० किलोमीटर उंच आहे ती क्षितिजाच्याही पलीकडून डोकावते. हा सारा हिशेब केला तर स्थानकातून सुमारे ३,४०० किलोमीटर अंतरापर्यंतचा ध्रुवीय प्रकाश तत्त्वतः दिसू शकतो. पट्ट्यावर प्रत्यक्ष न जाताही तो बाजूने न्याहाळता यावा, एवढे हे अंतर पुरेसे आहे.

हे बाजूने पाहणेच महत्त्वाचे आहे, कारण ध्रुवीय प्रकाशाच्या रंगांचे रहस्य त्याच्या उभ्या रचनेत दडलेले आहे. नॉर्वे किंवा आइसलँडमध्ये जमिनीवर उभा असलेला माणूस हा प्रकाश खालून पाहतो. शेकडो किलोमीटर उंचीचा पडदा त्याच्या डोक्यावर येतो तेव्हा त्याची खालची कड आणि वरचा माथा एकाच दृष्टिरेषेत येतात, रंग एकमेकांत मिसळतात, आणि कोणता रंग किती उंचीवर आहे हे डोळ्यांना कळत नाही. स्थानकातील खिडकीतून मात्र पृथ्वीची वक्र कड समोर असते, त्या कडेवर वातावरणाचे थर एकावर एक रचलेले दिसतात, आणि पडदा त्या थरांमध्ये उभा असतो. खाली, साधारण १०० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान, झगझगीत हिरवा पट्टा. त्याच्या वर २०० किलोमीटरपासून पुढे विरळ होत जाणारा गडद तांबडा. आणि प्रकाश जोरदार असेल तेव्हा हिरव्याच्याही खाली, अगदी तळाशी, गुलाबी-जांभळट झालर. हा क्रम उलटा कधी होत नाही. मोठ्या भूचुंबकीय वादळात, म्हणजे सौरवाऱ्याच्या माऱ्याने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जोरात ढवळले जाते तेव्हा, तांबडा भाग ४०० किलोमीटरच्या वर जातो, आणि मग स्थानक त्या प्रकाशाकडे पाहत नसते, तर त्यातूनच जात असते.

या क्रमाचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकले जाते: ऑक्सिजनमुळे हिरवा आणि तांबडा, नायट्रोजनमुळे निळा आणि जांभळा. वाक्य चुकीचे नाही, पण ते मुख्य प्रश्नालाच बगल देते. एकच ऑक्सिजन खाली हिरवा आणि वर तांबडा का दिसावा? याचे उत्तर वायूच्या नावात सापडत नाही. ते अणूला मिळणाऱ्या उसंतीत सापडते, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

वरून येणारा वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणूवर किंवा रेणूवर आदळला की त्याला थोडी ऊर्जा देतो. ती ऊर्जा अणूजवळ कायम राहत नाही. काही काळाने तो ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि त्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजेच रंग, अणूच्या दोन ऊर्जापातळ्यांमधील अंतरावरून ठरते. बहुतेक अणूंमध्ये ही सुटका एका सेकंदाच्या कोट्यंशाइतक्या अल्प काळात होते. ऑक्सिजनच्या अणूच्या ज्या दोन पातळ्यांमधून ध्रुवीय प्रकाशाचे दोन प्रमुख रंग येतात, त्या मात्र या नियमाला अपवाद आहेत. त्यांच्यातून खाली येण्याची वाट क्वांटम यांत्रिकीच्या नेहमीच्या नियमांनी जवळपास बंद केलेली असते, म्हणून अशा संक्रमणांना भौतिकशास्त्रात निषिद्ध म्हणतात. निषिद्ध याचा अर्थ अशक्य असा नसून अतिशय मंद असा आहे. वरच्या पातळीवरचा अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देण्यासाठी सरासरी पाऊण सेकंद घेतो. त्याखालच्या पातळीवरचा अणू ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देण्यासाठी जवळपास दोन मिनिटे घेतो. अणूंच्या जगात दोन मिनिटे हा प्रचंड काळ आहे.

या काळात दुसरा कोणताही कण त्या अणूवर आदळला, तर त्याची साठवलेली ऊर्जा टकरीतच निघून जाण्याचा धोका असतो, आणि मग प्रकाश बाहेर पडतच नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डोक्यावर भरलेली घागर घेऊन दोन मिनिटे उभे राहायचे आणि पाणी सांडू द्यायचे नाही, अशी ती अवस्था आहे. गर्दीत ते जमणार नाही, मोकळ्या माळावर सहज जमेल. वातावरणात गर्दी किती आहे हे उंचीवरून ठरते. १०० किलोमीटरवर हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा सुमारे वीस लाख पट विरळ असते, तरीही तेथे एक कण दुसऱ्यावर आदळेपर्यंत सरासरी १४ सेंटिमीटरच प्रवास करतो, आणि अशा टकरी सेकंदाला हजारोंनी होतात. २०० किलोमीटरवर हेच अंतर सुमारे २४० मीटर होते आणि टकरींची संख्या सेकंदाला चार-पाचांवर येते. ३०० किलोमीटरवर एका टकरीसाठी अडीच किलोमीटरहून अधिक जावे लागते, आणि दोन टकरींमध्ये दोन-तीन सेकंद निघून जातात.

आता रंगांचा क्रम आपोआप उलगडतो. प्रत्येक टक्कर घातक नसते, तांबडा प्रकाश देऊ पाहणाऱ्या ऑक्सिजन अणूंना मुख्यतः नायट्रोजनचे रेणू शांत करतात, आणि उंची वाढते तसे तेही कमी होत जातात. म्हणून २०० किलोमीटरच्या वर दोन मिनिटे तग धरणे शक्य होते आणि तांबडा प्रकाश दिसू लागतो. त्याखाली तांबड्यासाठी लागणारी सवड मिळत नाही, परंतु पाऊण सेकंदाची सवड मिळते, म्हणून हिरवा टिकतो. १०० किलोमीटरच्या खाली गेल्यावर पाऊण सेकंदही मिळेनासा होतो, शिवाय सुट्या ऑक्सिजन अणूंची संख्याही झपाट्याने घटते, आणि हिरव्याची कड चाकूने कापल्यासारखी संपते. कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत हिरव्या पट्ट्याची खालची बाजू इतकी रेखीव का दिसते आणि तांबड्याचा माथा इतका अस्पष्ट का, याचे कारण हेच.

सुट्या ऑक्सिजन अणूंचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन दोन-दोन अणूंच्या रेणूंचा असतो. सूर्याचे अतिनील किरण वरच्या वातावरणात हे रेणू फोडतात, आणि साधारण १८० किलोमीटरच्या वर एकेकटे ऑक्सिजन अणूच हवेचा सर्वांत मोठा घटक ठरतात. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा आणि तांबडा हे दोन्ही रंग या एकेकट्या अणूंचे आहेत.

नायट्रोजनची कथा त्यामानाने साधी आहे. त्याचे रेणू घाई करतात. ऊर्जा मिळताच ती बाहेर टाकतात आणि टकरींची वाट पाहत नाहीत. त्यामुळे ते खोलवरही, ८० ते १०० किलोमीटरच्या गर्दीतही, प्रकाश देऊ शकतात. इलेक्ट्रॉन गमावलेला नायट्रोजनचा रेणू ४२७.८ आणि ३९१.४ नॅनोमीटरच्या आसपास निळा-जांभळा प्रकाश देतो, तर इलेक्ट्रॉन न गमावलेला रेणू तांबूस रंगाच्या पट्ट्या देतो. दोन्ही मिसळून तळाची गुलाबी झालर तयार होते. ही झालर दिसली याचा अर्थ इलेक्ट्रॉन चांगलेच ताकदवान होते, कारण एवढ्या खोल शिरणे दुर्बल इलेक्ट्रॉनांना जमत नाही. एक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट; इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन साधारण १५० किलोमीटरवर थांबतो, दहा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा १०० ते ११० किलोमीटरपर्यंत येतो, आणि शंभर इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा तर २०० किलोमीटरच्या वरच आपली ऊर्जा संपवून बसतो. नायट्रोजनचा एक वेगळा खेळ मात्र उंचावरही दिसतो. पडद्याचा माथा पृथ्वीच्या सावलीच्या बाहेर, सूर्यप्रकाशात असेल, तर तेथील नायट्रोजनचे विद्युतभारित रेणू सूर्यप्रकाशातील निळा-जांभळा भाग शोषून पुन्हा फेकतात. नॉर्वेचे कार्ल स्टोर्मर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच वेळी दोन ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन ध्रुवीय प्रकाशाच्या उंची मोजल्या, तेव्हा असे सूर्यप्रकाशातील किरण १,००० किलोमीटरपर्यंत पोहोचत असल्याचे त्यांना आढळले. कक्षेतून पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या सीमारेषेजवळ दिसणारा जांभळा माथा बहुधा या प्रकारचा असतो.

हिरव्या प्रकाशाची ओळख पटवायला विज्ञानाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. स्वीडनचे अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १८६० च्या दशकात ध्रुवीय प्रकाशाचा वर्णपट तपासला आणि त्यात एक ठळक हिरवी रेषा नोंदवली. परंतु पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात वायूच्या वर्णपटाशी ती जुळेना. मग तर्कांना ऊत आला. गोठलेल्या नायट्रोजनचे कण उंचावर चमकत असावेत, असेही एक गंभीर मत मांडले गेले होते. प्रयोगशाळेत ही रेषा न मिळण्याचे कारण आपण वर पाहिलेच आहे: काचेच्या नळीत हवा कितीही विरळ केली, तरी उत्तेजित अणू पाऊण सेकंद उलटण्याआधीच नळीच्या भिंतीवर आदळतो आणि ऊर्जा गमावतो. वरच्या वातावरणाला भिंतच नाही. अखेर १९२५ मध्ये टोरांटोत जॉन मॅक्लेनन आणि गॉर्डन श्रम यांनी ऑक्सिजनमध्ये भरपूर हीलियम मिसळून ती रेषा प्रयोगशाळेत मिळवली. हीलियमचे अणू ऑक्सिजनची ऊर्जा हिरावून घेत नाहीत, पण त्याला भिंतीपर्यंत पोहोचायला उशीर मात्र लावतात. एवढ्या साध्या युक्तीने आकाशातील सर्वांत प्रसिद्ध हिरव्या रंगाचा मालक सापडला.

हे इलेक्ट्रॉन येतात कोठून, याविषयी एक समज फार घट्ट बसलेला आहे. सूर्याकडून निघालेले कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि थेट हवेवर आदळतात, असे शाळेच्या पुस्तकांपासून समाजमाध्यमांपर्यंत सर्वत्र वाचायला मिळते. तसे असते तर ध्रुवीय प्रकाश पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला, सूर्यासमोर, सर्वाधिक असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचे सर्वांत नाट्यमय आविष्कार मध्यरात्रीच्या बाजूला होतात. सूर्यापासून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा सौरवारा सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने पृथ्वीपर्यंत येतो आणि तिच्या चुंबकावरणाला, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव असलेल्या भोवतालच्या प्रदेशाला, सूर्याच्या बाजूने सुमारे ६५,००० किलोमीटरपर्यंत दाबून धरतो, तर विरुद्ध बाजूला त्याला लाखो किलोमीटर लांब शेपटासारखे ताणतो. सौरवाऱ्यासोबत येणारे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने असेल, तर दोन्हींच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि सौरवाऱ्याची ऊर्जा चुंबकावरणात शिरून त्या शेपटात साठत जाते. साठा मर्यादेबाहेर गेला की शेपटातील बलरेषा अचानक पुन्हा जोडल्या जातात आणि कण पृथ्वीच्या दिशेने, रात्रीच्या बाजूने, फेकले जातात. पृथ्वीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर, बलरेषांच्या दिशेने निर्माण होणारी विद्युतक्षेत्रे आणि तेथून जाणाऱ्या चुंबकीय लहरी या इलेक्ट्रॉनांना शेवटचा जोर देतात. पाच किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक वेगाने खाली येतो. तेव्हा सूर्य ऊर्जा पुरवतो हे खरे. पण हवेवर आदळणारे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय यंत्रणेने वेगवान केलेले असतात.

इलेक्ट्रॉन बलरेषांच्या वाटेनेच उतरतात, म्हणून पडद्यातील उभ्या रेघा बलरेषांची दिशा दाखवतात, आणि दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाचे वलय तयार होते. हे पूर्ण वलय स्थानकातून कधीच दिसत नाही. ४०० किलोमीटर ही त्यासाठी फारच कमी उंची आहे. त्यासाठी हजारो किलोमीटर दूर जावे लागते, आणि १९८१ मध्ये अवकाशात गेलेल्या डायनॅमिक्स एक्स्प्लोरर-१ या उपग्रहाने प्रथमच संपूर्ण वलयाची चित्रे घेतली. स्थानकातील माणसाला वलयाचा एक तुकडा दिसतो, पण तो तुकडा बारकाव्यांनिशी दिसतो. पडद्याच्या घड्या, त्यातून धावणाऱ्या लाटा, मध्येच फुटून पसरणारा उजेड, हे सारे खिडकीखालून दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते आणि सुमारे दीड तासाने पुढच्या फेरीत पुन्हा समोर येते. २०१० मध्ये स्थानकाला क्यूपोला नावाचा सात खिडक्यांचा घुमट जोडला गेला, तेव्हापासून अशा छायाचित्रांची संख्या खूप वाढली. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने सरकणाऱ्या खिडकीतून अंधुक प्रकाश टिपणे सोपे नाही, कारण कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवला की चित्र फाटते. डॉन पेटिट या अंतराळवीराने २००२-०३ मधील आपल्या पहिल्या मुक्कामात स्थानकावरील सुट्या भागांतून एक हाताने फिरवायचे साधन बनवून कॅमेरा पृथ्वीच्या सरकण्याबरोबर वळवला होता. आजचे कॅमेरे इतके संवेदनशील आहेत की तशी गरज फारशी उरलेली नाही.

छायाचित्रांबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली, कॅमेरा जितका तांबडा दाखवतो तितका डोळ्यांना दिसत नाही. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करेनाशा होतात, आणि ६३० नॅनोमीटरच्या तांबड्यासाठी डोळा मुळातच कमी संवेदनशील आहे. हिरवा मात्र डोळ्याच्या सर्वाधिक संवेदनशीलतेच्या जवळ पडतो. म्हणून दुर्बळ ध्रुवीय प्रकाश जमिनीवरच्या माणसाला पुष्कळदा फिकट करडा दिसतो आणि त्याच्या शेजारच्या मोबाइलमध्ये तो हिरवागार उमटतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडे जास्त उपयोगी पडणारी आहे. भारताच्या रात्रीच्या दिव्यांची अंतराळातून घेतलेली चित्रे दिवाळीच्या सुमारास हमखास फिरतात, आणि त्यांपैकी काहींत पृथ्वीच्या कडेवर एक बारीक, सलग, हिरवट-पिवळसर रेघ दिसते. तिला ध्रुवीय प्रकाश म्हणण्याचा मोह होतो, पण तो एअरग्लो आहे: हवेची स्वतःची मंद चकाकी. दिवसा सूर्यकिरणांनी फोडलेले ऑक्सिजनचे अणू रात्री पुन्हा जोडले जातात आणि त्यात सुटणारी ऊर्जा काही अणूंना त्याच वरच्या पातळीवर नेऊन बसवते, म्हणून ९५-१०० किलोमीटरवर तोच ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश उमटतो. उल्कांमधून आलेल्या सोडियमचा पिवळा प्रकाश त्याच्या किंचित खाली, ९० किलोमीटरच्या आसपास असतो. रंग तोच, अणू तोच, पण कारण वेगळे. एअरग्लोला ना चुंबकीय वादळ लागते, ना ध्रुव. तो गोव्यावर, अरबी समुद्रावर, विषुववृत्तावर, दररोज रात्री असतोच. ओळखायची खूण सोपी आहे: एअरग्लो क्षितिजाला समांतर, एकसारख्या जाडीचा आणि निश्चल असतो, तर ध्रुवीय प्रकाशात उभ्या रेघा, घड्या आणि हालचाल असते.

ध्रुवीय प्रकाश ही आपल्यापासून सर्वस्वी परकी गोष्ट आहे, असे गोव्यात राहणाऱ्याने मानण्याचे कारण नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये मुरगाव बंदरातून निघाली, आणि दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक डॉ. एस. झेड. कासिम तिचे नेते होते. वास्कोतील हेडलँड सडा येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आज अंटार्क्टिकावरील मैत्री व भारती आणि आर्क्टिकमधील हिमाद्री या तिन्ही ठाण्यांचा कारभार पाहते. ही तीन ठाणी ध्रुवीय प्रकाशाच्या दृष्टीने तीन निराळ्या जागी आहेत, आणि हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो. मैत्री आणि भारती यांच्या भौगोलिक अक्षांशांत जेमतेम दीड अंशाचा फरक आहे. तरीही चुंबकीय अक्ष तिरपा असल्यामुळे मैत्री रात्रीच्या वलयाच्या बाहेरच्या, विषुववृत्ताकडील कडेजवळ पडते, तर भारती वलयाच्या आत, ध्रुवाकडे सरकलेली आहे. स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंड येथे ७९ अंश उत्तरेच्या जवळ असलेले हिमाद्री तर आणखी वेगळे. तेथे हिवाळ्यात भर दुपारीही अंधार असतो, आणि त्या दुपारी सौरवाऱ्यातील कण चुंबकावरणाच्या सूर्याकडील फटीतून बऱ्याच थेटपणे खाली येतात. शेपटातून आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत ते दुर्बल असल्यामुळे उंचावरच थांबतात. परिणामी तेथील दुपारचा ध्रुवीय प्रकाश प्रामुख्याने तांबडा असतो. उंची आणि रंग यांचे नाते याहून स्वच्छ रूपात क्वचितच पाहायला मिळते.

आता राहिला तो प्रश्न, जो गोव्यात कोणत्याही आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारतोच: येथून कधी दिसेल का? मे २०२४ मध्ये दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ झाले, तेव्हा लडाखमधील हानले येथून उत्तर क्षितिजावर तांबडी आभा टिपली गेली, आणि त्या बातमीनंतर हा प्रश्न अधिक आशेने विचारला जाऊ लागला. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असलेले आपले आदित्य-एल१ यान आता सौरवारा पृथ्वीवर येण्याच्या साधारण तासभर आधी त्याचा वेग मोजते, त्यामुळे अशा वेळी पूर्वसूचनाही मिळू शकते. पण हिशेब कठोर आहे. पणजी १५.५ अंश उत्तरेला आहे. ४०० किलोमीटर उंचीवरचा तांबडा प्रकाश क्षितिजावर नुसता टेकलेला दिसण्यासाठीही तो २० अंशांहून दूर असून चालत नाही. म्हणजे तो ३५ अंश उत्तरेपर्यंत, काश्मीर-लडाखच्या डोक्यावर, उतरायला हवा. हानलेहून दिसलेली आभा त्याहून कितीतरी उत्तरेला होती. असे मुळी घडतच नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण ४ फेब्रुवारी १८७२ च्या प्रचंड वादळात मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई चुंबकीय अक्षांशाने गोव्याच्या फारशी पुढे नाही.

तसे वादळ पुन्हा आले, मोले-काणकोणकडच्या एखाद्या अंधाऱ्या जागेवरून उत्तर क्षितिज मोकळे दिसत असले आणि महिना पावसाळ्याचा नसला, तर जे दिसेल ते तांबडे असेल. ११० किलोमीटरवरचा हिरवा थर गोव्याच्या क्षितिजावर येण्यासाठी ध्रुवीय प्रकाश २६ अंश उत्तरेपर्यंत, जवळपास जयपूर-लखनौपर्यंत, सरकावा लागेल. त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावरून हिरवा ध्रुवीय प्रकाश टिपल्याचा दावा करणारे चित्र समोर आले, तर आधी त्या रात्री समुद्रात एलईडी दिवे लावून मासे ओढणारे किती ट्रॉलर होते, याची चौकशी करावी.